धागा वर काढणारे मामा

आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकही संभाषण संपू दिलेलं नाही. माणसं बोलतात, निघून जातात, घर बदलतात, धंदा बदलतात, आपण काय विचारलं होतं ते साफ विसरतात. पण मामांच्या डोक्यात तो प्रश्न खुंटीवरच्या सदऱ्यासारखा टांगलेला असतो. सवड झाली की मामा तो झटकून अंगात घालतात आणि तुमच्या दारात हजर होतात. माझ्या स्वतःच्या लग्नात, पंगत उठत असताना, नव्या जावयाला शोभेल अशा अदबीने मी त्यांना विचारलं होतं, "मामा, जेवलात ना?" मामांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि हात धुवायला गेले. मला वाटलं, माणूस तुसडा दिसतोय. तीन वर्षांनी माझ्या मेहुणीचं लग्न होतं. ऐन मंगलाष्टकं चालू असताना मामांनी मला कोपराने ढोसलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नही! मठ्ठा सरी जायेल व्हता!" भटजी थांबले. वराच्या मामाने अंतरपाट खाली केला. मठ्ठा तीन वर्षांपूर्वी संपला होता हे तिथे फक्त मला कळलं, आणि तेही घरी गेल्यावर.

आवाजाचं कारण वेगळं आहे. मामा सुरतेतल्या लिंबायतमध्ये एका पॉवरलूम कारखान्यात पस्तीस वर्षं मास्तर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. शंभर लूम एकदम खडखडत असताना त्यांच्यात उभं राहून ज्याने पस्तीस वर्षं काढली त्याचे कान कानाच्या जागी उरत नाहीत. समोरचा काय बोलतोय ते मामा ओठांवरून ओळखतात, आणि ओळखतात ते बहुतेक चुकीचं. मुलाने कानात घालायचं मशीन आणून दिलं होतं. ते शेवयांच्या डब्यात पडून आहे. "त्यामा समदासनं आयकू येस," अशी मामांची तक्रार. सगळ्यांचं ऐकू येणं ही त्यांना त्या मशीनची मोठीच खोड वाटते. फोन तर त्यांच्या काही कामाचाच नाही. पलीकडच्याने काहीही सांगितलं तरी मामा "हा, हा, पोचनू" एवढंच ओरडून ठेवून देतात, मग ते कुठे पोचलेले असोत वा नसोत.

अशा माणसाच्या हाती आम्ही मंडळाचं संकेतस्थळ दिलं. चूक माझी आहे, त्यामुळे ती नीट सांगतो. सुरतेत आम्हा खानदेशी लोकांचं एक मंडळ आहे. पंधरा वर्षांपूर्वी, साड्यांच्या छपाईची डिझाइनं कॉम्प्युटरवर करतो म्हणजे याला कॉम्प्युटरमधलं सगळंच येत असणार अशा समजुतीने, मंडळाने माझ्याकडून एक संकेतस्थळ बनवून घेतलं आणि फुकट व्यवस्थापक म्हणून माझ्याच गळ्यात बांधलं. सभासदांनी पासवर्ड टाकून आत यायचं आणि चर्चा करायची. कोणी एक विषय काढायचा, त्याला धागा म्हणायचं. बाकीच्यांनी खाली लिहायचं, त्याला प्रतिसाद म्हणायचं. नवा प्रतिसाद आला की तो धागा यादीत सगळ्यात वर येणार, आणि ज्यांनी ज्यांनी त्या धाग्यावर पूर्वी लिहिलंय त्यांना ईमेल जाणार. व्यवस्था चोख होती. पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, गटागटांत गप्पा सुरू झाल्या, आणि आमच्या संकेतस्थळावर कुत्रंही फिरकेनासं झालं. मला बरं वाटलं. नेमक्या त्याच सुमाराला मामा निवृत्त झाले आणि मी त्यांना पासवर्ड दिला.

इथे कोणी ओठ हलवत नाही, सगळं लिहिलेलं असतं, हे लक्षात आल्यावर मामांना स्वर्ग दोन बोटं उरला. ते सुरुवातीपासून वाचू लागले. अगदी पहिल्या धाग्यापासून, एकही न गाळता, आणि ज्याच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नव्हतं त्याला उत्तर देत देत. नऊ वर्षांपूर्वी कोणा होतकरू नवरदेवाने लिहिलं होतं, "डिंडोलीत दोन खोल्या भाड्याने हव्यात. लग्न ठरले आहे. तातडीने कळवावे." मामांनी तातडीने कळवलं, "आहेत. पाणी सकाळी येते. लग्नास उशीर करू नये." त्या गृहस्थांना तोवर दोन मुलं आणि स्वतःचं घर झालं होतं. एका बाईने लिहिलं होतं की मुलाला गोवर आला आहे, काय करावं? मामांचा प्रतिसाद सात वर्षांनी पोचला, "कडुनिंबाचा पाला अंथरुणात ठेवणे. आता कसा आहे?" बाई बिचाऱ्या सभ्य निघाल्या. त्यांनी कळवलं की बरा आहे, दहावीला आहे. त्यावर मामा, "मग गणिताकडे लक्ष द्या." नंदुरबारच्या गाडीची वेळ विचारणाऱ्याला त्यांनी सहा वर्षांनी नवं वेळापत्रक लिहून पाठवलं. नव्या नोकरीची पेढ्यांसकट बातमी देणाऱ्याचं त्यांनी मनापासून अभिनंदन केलं, तेव्हा ती नोकरी जाऊन त्याला बरोबर आठवडा झाला होता.

मामा लिहितात ते शुद्ध मराठीत. बोलणं अहिराणीत आणि लिहिणं शुद्ध, ही त्यांची शिस्त. लिहिताना त्यांची भाषा एकदम इस्त्री करून उभी राहते. बोलून लिहायची सोय मी एकदा दाखवून पाहिली होती. पण मोबाइलची भाषा गुजराती राहून गेली होती, त्यामुळे आमच्या कुलदैवताचा, कानबाईचा, त्या यंत्राने 'कानभाई' करून टाकला, आणि चार दिवस लोक मला विचारत होते की हे कानभाई कोण, आणि त्यांची मिरवणूक का काढायची. तेव्हापासून मामा उजव्या हाताच्या एकाच बोटाने टाइप करतात. एका वाक्याला त्यांना अर्धा तास लागतो. म्हणजे निष्काळजीपणाने त्यांनी काही लिहिलं असेल असं म्हणायचीही सोय नाही.

इथवर गंमत होती. भरताच्या धाग्याने ती संपली. वांग्याचं भरीत जळगावचं चांगलं की धुळ्याचं, यावर दोन सभासद पूर्वी इतके भांडले होते की त्यांच्या घरच्यांनी मध्ये पडून समझोता केला होता. चार वर्षं शांततेत गेली. एकाच्या मुलीला दुसऱ्याच्या पुतण्याचं स्थळही आलं. अशा वेळी मामांनी धागा वर काढून एकच ओळ लिहिली, "दोघांचेही चूक. दोघेही वांगी गॅसवर भाजतात." स्थळ मोडलं. आणि मग मामांचा मोर्चा मंडळाच्या चिटणिसांकडे वळला. आमचे चिटणीस साड्यांचे दलाल आहेत, बोलायला गोड, आणि उद्घाटनाचा नारळ त्यांच्या गाडीच्या डिकीत कायम असतो. आठ वर्षांपूर्वी त्यांनी संकेतस्थळावर जाहीर केलं होतं, "येत्या दिवाळीपर्यंत मंडळाचे स्वतःचे सभागृह उभे राहणार!" खाली शंभर जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मामांनी त्या टाळ्यांखाली अत्यंत नम्रपणे विचारलं, "कोणती दिवाळी?" धागा वर आला, शंभर जणांना ईमेल गेला, आणि चिटणिसांना अचानक साक्षात्कार झाला की जुन्या चर्चा उघड्या ठेवणं समाजाच्या हिताचं नाही.

पुढचं सांगण्याआधी एका धाग्याबद्दल सांगायला हवं. मामांना एक धाकटा भाऊ आहे. ते इच्छापोरला एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम करतात आणि तिकडेच राहतात. मामा नवागामला. सुरत एकच, पण लग्नं झाली, चुली वेगळ्या झाल्या, रविवारचीही ड्यूटी लागू लागली, आणि जाणं-येणं विरळ होत गेलं. भांडण वगैरे काही नव्हतं. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, ते दळतात आणि त्याचे रोट करतात. ते फक्त भाऊबंदांनी खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे, उरवायचे नाहीत. बाहेरच्याला त्यातला तुकडाही मिळत नाही, जावयाला तर नाहीच. मोठ्या भावाच्या घरी आपल्या नावाची मूठ धरली जाते की नाही यावरून माणसाला कळतं की तो अजून त्या घरचा आहे की नाही.

सहा वर्षांपूर्वी, श्रावणाच्या तोंडावर, संकेतस्थळावर 'एक भाऊ' या नावाने कोणीतरी लिहिलं होतं, "मी मोठ्या भावापासून वेगळा राहतो. कानबाईचा निरोप येत नाही. गहू मोजताना माझी मूठ धरतात की नाही ते ठाऊक नाही. विचारायची लाज वाटते. काय करावे?" आणि मामांनी दहा मिनिटांत उत्तर दिलं. मामांच्या सगळ्या आयुष्यात वेळेवर दिलेलं ते एकमेव उत्तर. मामा नुकतेच मामींशी कशावरून तरी तंडून बसले होते, बोट फोनवरच होतं, विषय आवडीचा होता. त्यांनी लिहिलं, "मूठ मागून मिळत नाही. घरच्याला निरोप कशाला हवा? जो भाऊ श्रावणात आपण होऊन दारात येत नाही, त्याची मूठ का धरावी? माझा असा भाऊ असता तर मी धरली नसती." खाली कौतुकाचे बारा-तेरा अंगठे. त्यातला एक माझा. व्यवस्थापकाला प्रत्येक टोपणनावामागचं खरं नाव दिसतं. ते बघायला एक बोट पुरतं. मी बघितलं नाही. मी हसत होतो.

दुसऱ्या दिवशी 'एक भाऊ'ने दोन शब्द लिहिले. "बरं, बापू."

नवागाम-लिंबायतमध्ये मामांना सगळे मास्तर म्हणतात. घरात कोणी मामा म्हणतं, कोणी आप्पा. बापू म्हणणारा माणूस या जगात एकच आहे.

त्यानंतर त्या धाग्यावर कोणीही काही लिहिलं नाही. धाकटे मामा पुन्हा संकेतस्थळावर आले नाहीत आणि नवागामलाही आले नाहीत. मामा बाकी साऱ्या दुनियेला उत्तरं देत सुटले, गोवराला, गाडीला, भरताला. त्या एका धाग्यावर मात्र रोज जाऊन परत येत. मला ते दिसायचं. एकदा मी त्यांना म्हटलंही की इच्छापोर काय लांब आहे, रिक्षात बसा आणि जाऊन या. मामा माझ्यावर एवढे ओरडले की शेजारचे गृहस्थ, कुठे लूम बंद पडला की काय असं वाटून, बाहेर आले. "तठे जाईसन काय बोलू? तठे मी त्याले काहीच बोलनू नही! जे बोलनू ते आठे बोलनू, दोनशे लोकेसमोर. जठे बोलनू, तठेच उत्तर देसू." मग देत का नाही, असं मी विचारलं. ते त्यांना ओठांवरूनही ओळखू आलं नाही, किंवा आलं असेल.

तर चिटणिसांनी सभा बोलावली. स्वतःचं सभागृह नसल्याने ती एका सभासदाच्या दुकानावरच्या माळ्यावर झाली. ठराव असा होता की जो धागा सुरू होऊन वर्ष उलटलंय त्याला कुलूप लावायचं; वाचता येईल, लिहिता येणार नाही. "जूना धागा म्हणजे जूनं छापं, रद्दीतलं वर्तमानपत्र, बराबर ने?" चिटणीस म्हणाले. त्यांना रागात किंवा प्रेमात गुजराती सुचतं. "माहिती खोटी झालेली असते. एक भाई जुना धागा वाचून खोली बघायला डिंडोलीला गेला, तर बिल्डिंगच नाही. लोकांना नकामो त्रास." खरं सांगायचं तर यात चूक काहीच नव्हतं. जुनी उत्तरं माणसाला भलत्या पत्त्यावर नेतात, मिटलेली भांडणं उकरतात, आणि कामाच्या वेळी फोन वाजवतात. मला स्वतःला मामांमुळे दर आठवड्याला पाच-सहा शिव्यांची पत्रं यायची. चिटणिसांचा हेतू खोटा होता, मुद्दे खरे होते. अशा माणसाशी वाद घालणं फार अवघड.

मामा उभे राहिले. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला भाषण लिहून आणलं होतं, पण चष्मा विसरला होता. मग ते तोंडीच बोलले. "लूमवर धागा तुटना म्हंजे काय करतस? लूम बंद करतस, धागा शोधतस, गाठ मारतस. मंग चालू. तुटेल धागा तसाच सोडा, ते आख्खा थानमा शेवटलोंग रेघ दिसस. शेठ माल परत धाडस."

"मास्तर, हे कापड नाही," चिटणीस म्हणाले.

"हा, तेच सांगी ऱ्हायनू!" मामा आनंदाने म्हणाले आणि आपलं म्हणणं मान्य झालं असं समजून खाली बसले.

मतदान झालं. मामा सोडून सगळ्यांचे हात वर होते. माझाही. मामांनी इकडेतिकडे पाहिलं, सगळ्यांचे हात वर पाहून खूष होऊन आपलाही केला, आणि ठराव एकमताने मंजूर झाला. पुढल्या रविवारी संध्याकाळी मी कुलपं लावायची असं ठरलं. खाली रिक्षापर्यंत त्यांना पोचवताना मी खिशातल्या कागदावर चांगल्या मोठ्या अक्षरांत लिहून त्यांना खरा निकाल दाखवला. त्यांनी तो हात लांब करून रिक्षाच्या दिव्यात वाचला.

"कुलूप लागनं की वाचता यी?"

मी मान हलवली.

"लिखता?"

नाही.

"मंग जे शेवटलं लिखेल शे, तेच शेवटलं राही?"

मी हो म्हटलं. रिक्षावाला घाई करत होता. मामा बसले आणि गेले.

पुढचे आठ दिवस आमच्या संकेतस्थळाने जे पाहिलं ते त्याच्या भरभराटीच्या काळातही पाहिलं नव्हतं. मामांनी उरलेसुरले सगळे प्रश्न निकालात काढायला घेतले. सोमवारी चौदा प्रतिसाद, मंगळवारी एकोणीस. एका बोटाने! शेवभाजीचा मसाला करपतो त्याला तेल आधी तापवू नये. मुंजीला जाणाऱ्याने जाऊन यावे, अर्थात आता उपयोग नाही. हरवलेली म्हैस सापडली का? रस्त्याच्या खड्ड्याबद्दल लिहिणाऱ्यास कळविण्यात येते की खड्डा अजून आहे. लोकांचे फोन दिवसभर वाजत होते. चिटणिसांनी मला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा ते गुजराती बोलले. मीही चिडलो होतो. ठरावाच्या अंमलबजावणीच्या आठवड्यात म्हाताऱ्याने मुद्दाम आगळीक चालवलीय असं मला वाटलं. गुरुवारी प्रतिसाद थांबले. शुक्रवारी एकही नाही. शनिवारीही नाही. यादी बघितली तेव्हा कळलं की मामांची सगळी उत्तरं देऊन संपली होती, एक सोडून.

रविवारी दुपारी बायको मला म्हणाली, "नुसते दात काय काढताय, जाऊन बघा तरी." मी नवागामला गेलो. मामा खाटेवर फोन घेऊन बसले होते. अंगात बनियन, चष्मा कपाळावर. मामी दारात मेथी निवडत होत्या. "तीन दिन व्हयनात," त्या मला म्हणाल्या, "लिखस आनि पुसस, लिखस आनि पुसस. जेवानबी भान नही." मी मामांच्या शेजारी बसलो. पडद्यावर लिहिलेलं होतं, "सविनय कळविण्यात येते की." त्याच्या पुढे काही नव्हतं. मामांनी ते माझ्यादेखत पुसलं. मग "चिरंजीवास आशीर्वाद" लिहिलं. तेही पुसलं. जगभरच्या लोकांना गोवरापासून गणितापर्यंत सल्ले देणाऱ्या त्या माणसाला सख्ख्या भावासाठी एक वाक्य जुळवता येत नव्हतं. मला तेव्हा हसू आलं नाही. मी फोन मागितला, म्हटलं सांगा, मी लिहितो. मामांनी फोन छातीशी धरला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मामींनी चहा केला. तो पिऊन होईपर्यंत माझ्या खिशातला फोन वाजला. धागा वर आला होता. मामांनी जन्मात पहिल्यांदा शुद्ध मराठी सोडून लिहिलं होतं:

"मी तुले वळखं नही. तुनी मूठ दरसाल धरस. तुना रोट मीच खास. आते पचत नही. तू ये."

दर श्रावणात मामांचं पोट बिघडतं. डॉक्टर करावे लागतात, मामी चिडतात, आणि म्हाताऱ्याचा हावरटपणा म्हणून आम्ही सगळे हसतो. गेल्या वर्षी तर मी त्यावर नक्कलसुद्धा करून दाखवली होती आणि मामांनी ती पाहून टाळ्या वाजवल्या होत्या. रोट उरवायचे नसतात. ज्याच्या नावाचे, तो आला नाही तर कोणाला तरी ते खावेच लागतात. मी मामींकडे पाहिलं. त्या मेथीच्या काड्या गोळा करत होत्या. "माले ठाव शे," त्या म्हणाल्या. "गहू मीच मोजस."

संध्याकाळी घरी येऊन मी ठरल्याप्रमाणे कुलपं लावली. भरीत बंद झालं, गोवर बंद झाला, सभागृह तर सगळ्यात आधी बंद झालं. 'एक भाऊ'चा धागा मी उघडा ठेवला. नियमाने तोही बंद व्हायला हवा होता, सहा वर्षांचा जुना होता, पण किल्ली माझ्याच हातात होती. संकेतस्थळ आता अगदी स्वच्छ आहे. फोन वाजत नाही, शिव्यांची पत्रं येत नाहीत. चिटणिसांनी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. श्रीफळ डिकीतलंच होतं. मामा कुठेच काही लिहीत नाहीत. मला वाटलं नव्हतं इतकं मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. दोन-तीनदा तर मी उगाच एखादा जुना धागा उघडून मामांची उत्तरं वाचत बसलो, आणि ती म्हैस सापडली होती की नाही याची मलाच काळजी लागली.

आठ दिवस काहीच झालं नाही. नवव्या दिवशी, कारखान्यांच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ असेल, मला व्यवस्थापक म्हणून एक सूचना आली: एका सभासदाला पासवर्ड आठवत नाही, नवा द्यावा. यावेळी मी खरं नाव बघितलं. मग एक अगदी सोपा पासवर्ड तयार केला, दमलेल्या माणसाला दोनदा टाकावा लागू नये असा, आणि पाठवला. पाच मिनिटांत ते आत आले. काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. येतात, तो एकच धागा उघडतात, भोंगा होईपर्यंत थांबतात आणि जातात. मी कोणाला काही बोललो नाही, बायकोलाही नाही. फक्त मीही त्या वेळेला काम बाजूला ठेवून तिथे जाऊन बसायला लागलो.

आमच्या संकेतस्थळावर धाग्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ दिसते. आत्ता हा धागा किती सभासद वाचत आहेत, ते त्यात येतं. नुसता आकडा, नावं नाहीत. इतकी वर्षं तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं, मी स्वतः ती बसवली हेसुद्धा विसरलो होतो. कानबाई परवाच्या रविवारी बसायची आहे, गहू निवडून झालेत असं मामींनी कळवलंय. आज दुपारी मामांचा मला निरोप आला.

"जवाई, येक मी. येक तू. हाऊ तिसरा कोन शे?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते त्या तिसऱ्याने द्यायला हवं.